वीस वर्षे आणि दीडशे रुपये
(जामिया मिल्लियाच्या शिक्षकांनी दिलेल्या आणि पाळलेल्या एका शब्दाची हकीकत)

एखाद्या माणसाची आपल्या कार्यावर किती श्रद्धा आहे, हे त्याच्या व्याख्यानावरून ठरवू नये. व्याख्यान देण्यास पैसे पडत नाहीत. त्या कार्यापायी त्याने स्वतःच्या पदराला किती खार लावून घेतला आणि तो किती दिवस सोसला, हे पाहावे. एका दिवसाचा त्याग पुष्कळांना साधतो. सभेत गहिवर दाटतो, हात खिशात जातो, बोटातली अंगठीही निघते. परंतु दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कमी पैसे घरी न्यायचे, वाण्याची उधारी सांभाळायची, मुलांच्या कपड्यांची बेगमी करायची, आणि हे वर्षानुवर्षे करायचे, ही गोष्ट निराळी आहे. या दुसऱ्या प्रकारच्या त्यागाला फुले-हार मिळत नाहीत. संस्था मात्र त्याच्यावरच उभ्या राहतात.

आपल्या देशाच्या शैक्षणिक इतिहासात अशा त्यागाचे एक स्वच्छ उदाहरण आहे. १९२८ साली दिल्लीत काही शिक्षकांनी एकत्र येऊन प्रतिज्ञा केली की, वीस वर्षे आम्ही या संस्थेची सेवा करू आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणार नाही. संस्थेचे नाव जामिया मिल्लिया इस्लामिया. आज ती एक मोठे केंद्रीय विद्यापीठ आहे. पण ज्या दिवशी ही प्रतिज्ञा झाली, त्या दिवशी संस्थेच्या तिजोरीत पैसा नव्हता, डोक्यावर कर्ज होते आणि तिच्या पदवीला सरकारी दरबारी कवडीची किंमत नव्हती. आपणासारख्या शिक्षणप्रेमी वाचकांनी ही हकीकत मुळापासून जाणून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

तंबूतली संस्था

१९२० साल हे असहकाराचे आणि खिलाफत चळवळीचे साल. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी ती मदत नाकारावी, न नाकारल्यास विद्यार्थ्यांनी बाहेर पडावे, असा पुकारा झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढच्या कॉलेजात आले. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली लावलेले ते रोप तोवर मोठे झाले होते. कॉलेजच्या विश्वस्तांनी सरकारी अनुदान सोडण्यास नकार दिला. त्यांचीही बाजू होती. अर्ध्या शतकाच्या मेहनतीने उभारलेली संस्था एका ठरावाने धोक्यात घालण्यास त्यांचे मन धजावले नाही. परंतु काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढच्या कॉलेजच्या मशिदीत नव्या संस्थेची स्थापना जाहीर झाली. माल्टाच्या कैदेतून काही महिन्यांपूर्वीच सुटून आलेले वृद्ध मौलाना महमूद हसन त्या प्रसंगी उपस्थित होते. प्रकृती इतकी खालावलेली होती की, त्यांचे भाषण दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले. पुढच्याच महिन्यात ते अल्लाहला प्यारे झाले.

संस्थेला इमारत नव्हती. तंबू ठोकले गेले, काही घरे भाड्याने घेतली गेली. हकीम अजमल खान तिचे पहिले कुलपती झाले आणि मौलाना मुहम्मद अली पहिले कुलगुरू. अलीगढ सोडून आलेल्यांत एम.ए.चा अभ्यास करीत असतानाच थोडेफार शिकवणारा तेवीस वर्षांचा एक तरुण होता. त्याचे नाव झाकिर हुसेन. घराणे कायमगंजचे, जन्म हैदराबादचा. कॉलेजात राहता तर सरळ वाटेने मोठ्या हुद्द्यावर गेला असता. ती वाट त्याने त्या दिवशी सोडली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्या संस्थेत येणाऱ्या विद्यार्थ्यांचाही धोका लहान नव्हता. या संस्थेची पदवी सरकारी कचेरीत चालणारी नव्हती. मुलगा शिकून वकील होईल, डेप्युटी होईल, या आशेने ज्या बापाने जमिनीचा तुकडा विकून फी भरली असेल, त्याला आपल्या मुलाने नोकरी न देणारी पदवी पसंत केली हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. शिक्षकांच्या त्यागाच्या गोष्टी सांगितल्या जातात. या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

बंद करावी की चालवावी?

चळवळीच्या भरतीत जन्मलेल्या संस्थांना ओहोटीत जगणे कठीण जाते. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा प्रकरणानंतर असहकार मागे घेण्यात आला. मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कस्तानानेच खिलाफत रद्द केली. जिच्या नावाने पैसा जमत होता ती खिलाफत गेली, तसा पैशाचा झराही आटला. जामियाचा खर्च खिलाफत कमिटीच्या मदतीवर चालत असे. ती मदत थांबताच शिक्षकांचे पगार थकू लागले, विद्यार्थी गळू लागले. संस्थेचे काम संपले, आता सन्मानाने दार लावून घ्यावे, असे म्हणणारे जाणते लोकही होते.

अशा वेळी तीन ठिकाणांहून आधार मिळाला. पहिला हकीम अजमल खानांचा. दिल्लीच्या या नामवंत हकीमाने संस्था अलीगढहून दिल्लीला आणविली. १९२५ साली करोलबागेत ती भाड्याच्या घरांतून सुरू झाली आणि तिच्या खर्चाचा मोठा भाग हकीमसाहेब आपल्या खिशातून भागवू लागले. दुसरा आधार गांधीजींचा. जामिया चाललीच पाहिजे, पैशाची अडचण असेल तर मी भिक्षापात्र घेऊन फिरेन, असा धीर त्यांनी दिला. संस्थेच्या नावातील ‘इस्लामिया’ हा शब्द काढला तर इतर समाजांकडून देणग्या मिळविणे सोपे होईल, अशी सूचना कोणी केली, तेव्हा तो शब्द गेला तर मला त्या संस्थेत रस राहणार नाही, असे गांधीजींनी सांगितल्याची आठवणही सांगितली जाते.

तिसरा आधार समुद्रापलीकडचा. १९२२ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेलेले झाकिर हुसेन बर्लिनमध्ये होते. संस्था बंद होण्याची वार्ता कानी येताच त्यांनी कळविले की, मी आणि माझे काही सहकारी आपले आयुष्य जामियाला देण्यास तयार आहोत, आम्ही येईपर्यंत ती बंद करू नये. हे कळविणाऱ्याच्या हाती ना पैसा होता, ना अधिकार. होता तो फक्त शब्द. परंतु दिल्लीतील वडीलधाऱ्यांनी त्या शब्दावर भरवसा ठेवला.

तिघे परत आले

फेब्रुवारी १९२६ मध्ये तीन तरुण युरोपातून परतले. झाकिर हुसेन यांनी बर्लिन विद्यापीठात हिंदुस्थानच्या शेतीच्या अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली होती. सय्यद आबिद हुसेन यांनीही जर्मनीतच शिक्षणशास्त्राच्या विषयावर डॉक्टरेट केली होती. तिसरे मुहम्मद मुजीब. लखनौच्या एका सधन बॅरिस्टरांचे चिरंजीव, ऑक्सफर्डचे पदवीधर, बर्लिनमध्ये छपाईची विद्या शिकून आलेले. त्या काळी अशा पदव्या घेऊन मायदेशी उतरणाऱ्या तरुणास संस्थानांत, सरकारी कॉलेजांत किंवा वकिलीत मानाची आणि पैशाची जागा मिळणे मुळीच अवघड नव्हते. हे तिघे करोलबागेतील भाड्याच्या घरांत आले. एकोणतीस वर्षांचे झाकिर हुसेन कुलगुरू झाले.

पगाराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. युरोपात शिकून आलेल्या आबिद हुसेन आणि मुजीब यांना महिना तीनशे रुपये देण्याचे ठरले होते. कुलगुरू स्वतः शंभरच घेतात, हे त्यांना कळले. तेव्हा दोघांनीही आपला पगार स्वतःहून शंभरावर आणला. मग कुलगुरूंनी आपला आणखी कमी केला. वाचकहो, पगार वाढवून घेण्याची चढाओढ आपण सर्वांनी पाहिली आहे. कमी करून घेण्याची चढाओढ क्वचितच पाहावयास मिळते. यात कोणी कोणाला उपदेश केला नाही, परिपत्रक काढले नाही. वरच्याने आधी केले, म्हणून बरोबरीच्यांना करावेसे वाटले, एवढेच.

परंतु संकट टळले नव्हते. २९ डिसेंबर १९२७ रोजी हकीम अजमल खान यांचे निधन झाले आणि संस्थेचा मोठा आधार एका रात्रीत तुटला. आता कर्ज होते, भाडे होते, थकलेले पगार होते आणि कोणाकडे पाहावे हे कळत नव्हते.

प्रतिज्ञा

या प्रसंगी शिक्षकांनी जे केले ते या लेखाचे मर्म आहे. त्यांनी नव्या आश्रयदात्याचा शोध घेण्याआधी संस्था स्वतःच्या अंगावर घेतली. १९२८ साली ‘अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली’ या नावाचे मंडळ स्थापन झाले. वीस वर्षे सेवा आणि दरमहा जास्तीत जास्त दीडशे रुपये, अशी प्रतिज्ञा करणारे शिक्षक हेच त्याचे प्राण. आरंभी त्यांची संख्या अकरा होती. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी मंडळाचे अध्यक्ष झाले, झाकिर हुसेन चिटणीस. खजिनदाराची जबाबदारी आपल्या वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांनी स्वीकारली. इस्लामिया नाव धारण करणाऱ्या संस्थेची तिजोरी एका वैष्णव व्यापाऱ्याच्या हाती होती, आणि त्यात त्या काळच्या लोकांना काही वावगे वाटले नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या प्रतिज्ञेतील शहाणपण पाहा. ‘आम्ही सर्वस्व देऊ’ असे तिच्यात नाही. सर्वस्व देण्याची भाषा मोजता येत नाही, म्हणून ती मोडली तरी कोणास कळत नाही. यांनी दोन आकडे सांगितले. एक मुदतीचा, एक रकमेचा. दोन्ही असे की, कोणीही वही उघडून तपासावेत. दीडशे ही मर्यादा होती, हमी नव्हती. प्रत्यक्षात पुष्कळांना पुष्कळ काळ त्याहून कमी मिळाले आणि जे ठरले तेही वेळेवर मिळेलच असे नसे.

महाराष्ट्रातील वाचकास हे ऐकून पुण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने हाच मार्ग त्याआधी चार दशके चोखाळला होता. आजीव सभासदाने वीस वर्षे शिकवायचे आणि महिना पंचाहत्तर रुपयांच्या आसपास वेतनावर संतोष मानायचा. आगरकरांनी शिक्षणाच्या दिवसांत आईला लिहिलेल्या पत्राची हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मुलगा मोठ्या पगारावर चढेल ही आशा सोड, असे त्यांनी तिला आधीच सांगून ठेवले होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपली मुदत पुरी करून १९०२ साली निरोप घेतला. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपेही मोठ्या जागांकडे पाठ फिरवून फर्ग्युसनमध्ये आले.

मात्र पुण्याच्या या इतिहासात एक कटू पानही आहे आणि ते झाकून ठेवणे योग्य नाही. आजीव सभासदांनी बाहेरची कामे करावीत काय, बाहेरची कमाई स्वतःकडे ठेवावी काय, या प्रश्नावर सभासदांत तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक बाहेर पडला. तात्पर्य, त्यागाचा नियम करणे सोपे, पण तो सर्वांनी सारखाच पाळावा कसा, हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सोडविता आला नाही. पंचाहत्तर रुपयांचा अर्थ एकाला एक वाटतो, दुसऱ्याला दुसरा. जामियातही मतभेद झाले नसतील असे नाही. परंतु प्रतिज्ञा टिकली, याचे एक कारण असे दिसते की, तेथे प्रमुखाचा पगार हा सर्वांत आधी कापला जाणारा पगार होता.

थेंबे थेंबे

केवळ उपाशी राहून संस्था चालत नाही, हे या मंडळींना चांगले कळत होते. त्यांनी ‘हमदर्दान-ए-जामिया’ या नावाने सहानुभूतीदारांचे जाळे उभारले. शफीकुर्रहमान किदवाई यांनी त्यासाठी अपार मेहनत घेतली. तत्त्व असे की, एका धनिकाच्या मर्जीवर अवलंबून राहण्यापेक्षा पुष्कळ सामान्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे नियमितपणे थोडे द्यावे. हकीमसाहेबांच्या निधनाने जो धडा मिळाला, त्याचाच हा उपयोग होता. एका खांबावरचे छप्पर खांब गेला की कोसळते.

चळवळीशी असलेले नातेही त्यांनी विचाराने सांभाळले. १९३० साली कायदेभंग सुरू झाला. ज्या शिक्षकांना त्यात जायचे होते ते व्यक्तिशः गेले, तुरुंगातही गेले. परंतु संस्था म्हणून शाळेचे वर्ग बंद करावयाचे नाहीत, असे ठरले. देशासाठी धोका पत्करणारे हेच लोक होते, पण संस्थेचा धोका आणि आपला धोका यांत ते फरक करीत. स्वतःचे घर पणाला लावण्याचा हक्क माणसाला आहे. दुसऱ्यांच्या मुलांचे शिक्षण पणाला लावण्याचा नाही.

१ मार्च १९३५ रोजी यमुनेच्या काठी ओखला येथे जामियाच्या स्वतःच्या इमारतीची कोनशिला बसली. कोनशिला बसविण्याचा मान कोणा नवाबाला वा मंत्र्याला दिला नाही. तो दिला शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याला. पंधरा वर्षे भाड्याच्या घरांत काढलेल्या शिक्षकांनी हे ठरविले होते. इमारत कोणासाठी आहे, हे सांगण्याची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही.

या मंडळींनी गरिबीत केवळ दिवस ढकलले असेही नाही. मुलांनी स्वतः चालविलेले दुकान, मुलांची बँक, हाताने करून शिकण्याचे उपक्रम असे कितीतरी प्रयोग जामियाच्या प्राथमिक शाळेत झाले. म्हणूनच ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार करण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा तिचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. ज्याला आपण ‘वर्धा योजना’ म्हणतो, तिच्यामागे करोलबागेतील त्या शाळेचा अनुभव होता.

किंमत कोणी मोजली?

त्यागाच्या इतिहासात पुरुषांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. परंतु शंभर रुपयांत घर कोणी चालविले? पगार थकला त्या महिन्यात चूल कोणी पेटती ठेवली? झाकिर हुसेन यांच्या पत्नी शाहजहान बेगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी कोणत्याही प्रतिज्ञापत्रावर सही केली नव्हती. तरी वीस वर्षे त्यांनीही भरली. आपल्याकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. १९३० साली त्या गेल्या आणि संस्थेचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. अशा स्त्रियांची चरित्रे लिहिली जावयास हवीत. ती नाहीत, हे आपल्यावरील एक कर्ज आहे.

दिल्लीतल्या दिवसांतील एक प्रसंग झाकिरसाहेबांच्या चरित्रात येतो. प्राथमिक शाळेत निकालाचा दिवस होता आणि ते मुलांना मिठाई वाटीत होते. शिपायाने येऊन कानात सांगितले की, त्यांची धाकटी मुलगी फार आजारी आहे. ते वाटीत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा कानात सांगितले गेले की, मुलगी गेली. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. इतकी मुले आनंदात होती, त्यांचा आनंद मोडवेना, असे त्यांनी नंतर म्हटले. ही गोष्ट वाचून काहींचे डोळे पाणावतील. काहींना वाटेल, त्यांनी तत्काळ घरी जावयास हवे होते. दोन्ही भावना खऱ्या आहेत. अशा आयुष्यांचे हिशेब बेरीज-वजाबाकीने सुटत नाहीत. घरी वाट पाहणाऱ्या आईच्या बाजूने विचार केला तर ते अधिकच कठीण होतात.

वीस वर्षांनंतर

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंग्यांचा वणवा पेटला होता. अशा काळात त्या एका व्यासपीठावर पंडित नेहरू, मौलाना आझाद, राजगोपालाचारी आणि बॅरिस्टर जीना, लियाकत अली खान एकत्र आले. इतर कोणाच्या निमंत्रणावरून ते त्या काळी क्वचितच असे आले असते. ज्यांनी पंचवीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितले नाही, त्यांचा शब्द टाळणे कोणालाही जड गेले. झाकिर हुसेन यांनी त्या नेत्यांपुढे हात जोडून द्वेषाची ही आग विझविण्याची विनंती केली. पैशाच्या त्यागातून जे मिळते ते हेच. बँकेत न ठेवता येणारी, पण वेळप्रसंगी कामी येणारी पुंजी.

पुढच्याच वर्षी फाळणी झाली. करोलबागेतील जामियाच्या प्रकाशनगृहाची, ‘मक्तबा’ची, राखरांगोळी झाली. वर्षानुवर्षांची पुस्तके जळाली. ऑगस्ट १९४७ मध्ये प्रवासात जालंधर स्थानकावर खुद्द झाकिर हुसेन यांच्या जिवावर बेतले होते. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांना वाचविले. सप्टेंबरात दिल्लीस पोहोचलेल्या गांधीजींनी ओखल्याला येऊन जामियाची विचारपूस केली. या सर्वांतून संस्था तगली आणि बहुतेक शिक्षक जागेवर राहिले.

१९४८ साली वीस वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी झाकिर हुसेन अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून गेले. जेथून अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाहेर पडले होते, तेथेच, फाळणीने हादरलेली ती संस्था सावरण्यासाठी. जामियाची धुरा मुजीब यांनी घेतली आणि १९७३ पर्यंत वाहिली. म्हणजे वीस वर्षांचा शब्द देणाऱ्या या गृहस्थांनी प्रत्यक्षात जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे दिली. १९६२ साली जामियाला विद्यापीठसमान दर्जा मिळाला, १९८८ साली ती केंद्रीय विद्यापीठ झाली. झाकिर हुसेन १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि दफन झाले ते जामियाच्या आवारात.

आपल्यासाठी काय?

वाचकहो, ही हकीकत वाचून आपण केवळ धन्यता मानून पुस्तिका मिटली, तर तिचा उपयोग झाला नाही. तिच्यातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट संस्थाचालकांसाठी. जामियाच्या शिक्षकांच्या त्यागाचे दाखले देऊन आज एखाद्या शिक्षकाला कमी पगारावर राबविणे, किंवा एका रकमेवर सही घेऊन दुसरी रक्कम हातात ठेवणे, हा त्या इतिहासाचा अपमान आहे. तेथे पगार कापला तो ज्याचा त्याने, स्वखुशीने, आणि वरून खाली. त्याग ही मागण्याची वस्तू नाही, ती आधी स्वतः करण्याची आहे. ज्या संस्थेचा अध्यक्ष मोटारीतून उतरून शिक्षकांना झाकिर हुसेन यांची गोष्ट सांगतो, त्या संस्थेत ती गोष्ट कोणाच्या मनात उतरत नाही.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी, पालक, माजी विद्यार्थी, हितचिंतक यांच्यासाठी. आपण अकरांपैकी एक होऊ शकणार नाही. सर्वांना ते जमणारही नाही आणि घरच्यांच्या माथी न विचारता दारिद्र्य मारण्याचा अधिकारही आपल्याला नाही. परंतु हमदर्द होणे प्रत्येकाला शक्य आहे. एकदाच मोठी देणगी देऊन फलकावर नाव कोरून घेण्यापेक्षा, दरमहा थोडे, पण न चुकता आणि बरीच वर्षे द्यावे. पैसे नसतील तर आठवड्याचे दोन तास द्यावेत. मात्र जे द्यायचे ते आकड्यात सांगावे आणि मुदतीसह सांगावे. ‘जमेल तसे करू’ या वाक्यावर आजवर एकही शाळा उभी राहिलेली नाही.

श्रद्धा मनात असते, ती कोणाला दिसत नाही. पण ती जेव्हा वहीत उतरते, अमुक वर्षे, अमुक रुपये, तेव्हा ती दिसू लागते आणि इतरांनाही तिचा संसर्ग होतो. त्या अकरा जणांनी १९२८ साली आपल्या वहीत काय लिहिले, ते आपण वाचले. आपल्या वहीत कोणते दोन आकडे लिहावयाचे, हे ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या माणसांशी बोलून ठरवावे.